साडेचार ते आठ: मुलांचं खाणं आणि खेळणं तिथे ठरतं

नाशिकच्या पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे. मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत, उंची १३४ सेंटिमीटर, वजन ३६ किलो. मुलगी सहा वर्षांची, ११३ सेंटिमीटर, साडेसतरा किलो. तो दिवसभर काहीबाही तोंडात टाकतो, ती काहीच खात नाही. दोघं खाली खेळायला जात नाहीत, हातातला मोबाइल सुटत नाही. वडील अंबडला कंपनीत, पाळी दर आठवड्याला बदलते. आई सव्वासहाला घरी येते, तोवर मुलं आजीजवळ. मुलाला डाएट लावावं का, मुलीला कोणती पावडर द्यावी, आणि पोहणं की क्रिकेट, कुठला क्लास लावावा, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत: "व्हॅन सव्वाचारला सोडते आणि मी सव्वासहाला येते." नाशिकमध्ये बालआहाराच्या कामात मला बावीस वर्षं झाली. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, सगळीकडची घरं पाहिली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. शाळकरी मुलाचं खाणं, खेळणं आणि झोप, तिन्हींचा निकाल संध्याकाळी साडेचार ते आठ या वेळात लागतो. तिथे काही बदललं नाही, तर सकाळी कितीही बदाम भिजत घाला, उपयोग नाही.

तुम्ही लिहिलेला दिवसच तुमच्यापुढे मांडते. डबा अर्धा परत येतो, म्हणजे पोरगं सव्वाचारला भुकेनं कासावीस होऊन घरात शिरतं. समोर बिस्किटाचा डबा, फरसाण, नाहीतर दोन मिनिटांच्या नूडल्स. पाचला क्लास. साडेसहाला तो येतो, अभ्यास उरकतो आणि मोबाइल घेऊन बसतो, सोबत वेफर्स. साडेनऊला पान वाढता तेव्हा पोट भरलेलं असतं, म्हणून भाजी-पोळी ढकलली जाते. अकराला झोप. सकाळी सातला ओढून उठवावं लागतं, पोटात भूक नसते, मग दुधात पावडर घालून ते प्यायचं आणि व्हॅन गाठायची. डब्याच्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यात त्याला खेळायचं असतं. डबा पुन्हा अर्धा, आणि पुन्हा सव्वाचार. हे रहाटगाडगं सकाळी थांबवता येत नाही, कारण सकाळी कुणालाच वेळ नसतो. रात्री थांबवता येत नाही, कारण तोवर भूक मेलेली असते. ते साडेचारला थांबतं.

पण आधी आकड्यांची भीती काढून टाकू. तुमच्या मुलाचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागल्यावर येणारा आकडा, २०च्या जरासा वर आहे. मोठ्या माणसाला हा आकडा उत्तम, पण लहान मुलांना मोठ्यांची मोजपट्टी लावायची नसते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी वाढीचे आलेख काढले. त्यात वय आणि लिंगाप्रमाणे रेषा आहेत. त्यावर तुमचा मुलगा 'जास्त वजन' या पट्ट्यात येतो, स्थूलतेच्या रेषेखाली. दुर्लक्ष करू नये असं हे आहे, पण घाबरून जाण्यासारखं नाही. आता हिशेब बघा. या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वर्षभर त्याचं वजन ३६ किलोच्या आसपास नुसतं स्थिर राहिलं आणि उंची साडेपाच सेंटिमीटर वाढली, तर तोच बीएमआय साडेअठरावर येतो. म्हणजे त्याचं वजन उतरवायचं नाही, उंचीला पुढे जाऊ द्यायचं. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणं, पोळ्या मोजून देणं, तूप पूर्ण बंद करणं, हे सगळं चुकीचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून स्वच्छ सांगते: डाएट लावू नका.

मुलीचे पूर्वीचे आकडे तुम्ही लसीकरणाच्या कार्डावरून पाठवलेत, फार चांगलं केलंत. ती जन्मापासून जवळजवळ एकाच रेषेच्या कडेने वाढत आली आहे. बारीक आहे, तिची चण तशी आहे, आजारी नाही. आता एका घरात काय चाललंय ते बघा. दादाच्या ताटातली पोळी काढून घेतात आणि छोटीच्या मागे ताट घेऊन फिरतात. दोघांच्याही मनात जेवण म्हणजे भांडण, हे एव्हाना बसलेलं असणार. दोघांना एकच ताट, एकच वेळ, एकच नियम. जाड मुलाचं वेगळं अन्न आणि बारीक मुलीचं वेगळं अन्न असं काही नसतं.

आता साडेचारची थाळी. 'खाऊ' किंवा 'चहाबरोबर काहीतरी' हे शब्द डोक्यातून काढा, हे छोटं जेवणच समजा. मुलगा व्हॅनमधून उतरून हातपाय धुऊन येईपर्यंत ते पानात तयार हवं. भुकेलेल्या मुलाला निवड करायला लावलीत की तो बिस्किटच निवडणार. तुम्ही त्या वेळी घरी नसता, म्हणून ही थाळी तुमच्या सासूबाईंच्या हातात आहे. तुमच्या लिहिण्यात त्यांच्याबद्दल थोडा त्रागा दिसला, "त्या लाड करतात, ऐकत नाहीत." माझा अनुभव सांगते. आजीला 'हे देऊ नका, ते देऊ नका' असं सांगून कुठल्याच घरात काही बदललेलं मी पाहिलं नाही. पण 'आई, साडेचारची जबाबदारी तुमची, तुमच्या हातचं द्या' असं म्हटल्यावर घरं बदललेली पाहिली. ज्या बाईच्या हाताला थालीपीठ, धपाटे, नागलीची म्हणजे नाचणीची आंबील, मुगाची धिरडी येतात, तिच्या हातात आपण बिस्किटाचा पुडा देऊन ठेवलेला असतो. त्यांचे लाड बंद करू नका, लाडाचा पदार्थ बदला.

काय द्यायचं? आपल्या जिल्ह्यात त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पट्ट्यात पिकते ती नागली. तिच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १२०. एका मध्यम भाकरीचा हिशेब कपभर दुधाच्या आसपास जातो. नागलीतलं सगळंच कॅल्शियम अंगी लागतं असं नाही, पण पीठ रात्रभर आंबवून आंबील केली की ते जास्त चांगलं लागू पडतं. जुन्या बायका आंबवत होत्या, ते बरोबरच होतं. गरम नागलीची भाकरी, वर लोण्याचा किंवा तुपाचा गोळा, गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी मोड आलेल्या मटकीची उसळ, वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू, चमच्याने खायची. लिंबू चवीपुरतं नाही. त्यातलं क जीवनसत्त्व मटकीतलं लोह शोषून घ्यायला मदत करतं, आणि चहा नेमका उलट करतो. म्हणून आजीच्या कपातला बशीभर चहा मुलांना नको. कधी उकडलेलं अंडं आणि पोळी, कधी ताकात कुस्करलेली बाजरीची भाकरी, कधी चुरमुऱ्यांची भेळ. भेळेत शेव चिमूटभर, शेंगदाणे मूठभर. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सातेक ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहाच्या आसपास. गरिबाचे बदाम म्हणतात शेंगदाण्यांना, मला त्यातला 'गरिबाचे' हा शब्द पटत नाही.

सोबत त्या त्या दिवसांतलं एक फळ. नाशकात राहून मुलांना फळ मिळत नाही हे कारण चालणार नाही. थंडीत पेरू, बोरं, आवळे. जानेवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत द्राक्षं. मे-जूनमध्ये त्र्यंबकच्या बाजूने बायका करवंदं आणि जांभळं घेऊन येतात, ती जरूर घ्या. द्राक्षं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. घरी पाच वर्षांखालचं पाहुणं मूल आलं तर द्राक्ष उभं चिरून द्या आणि अख्खे शेंगदाणे देऊच नका, दोन्ही घशात अडकतात. रस काढू नका, फळ चावून खाऊ द्या. रसाच्या पेल्यात चार संत्र्यांची साखर एका दमात पोटात जाते आणि चोथा चाळणीत राहतो.

२०२३ साली भरडधान्यांचं वर्ष जगभर साजरं झालं, तेव्हापासून नागलीची बिस्किटं आणि 'मिलेट' नूडल्स दुकानांत दिसतात. पुडा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जो पहिला तो सगळ्यात जास्त. पहिला मैदा, दुसरी साखर आणि नागली चौथ्या-पाचव्या नंबरवर असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट.

हीच सवय पावडरच्या बाबतीत. छोटीला पावडर कोणती, तर कोणतीच नाही. तुम्ही लिहिलंय की ती जेवत नाही म्हणून तिला दिवसातून चार वेळा पावडर घातलेलं दूध मिळतं. ती जेवत नाही याचं कारणच बहुधा हे आहे. सहा वर्षांच्या मुलीचं पोट केवढं, त्यात चार पेले दूध गेल्यावर वरण-भाताला जागा कुठून येणार? शिवाय दुधात लोह नावापुरतं असतं, दुधावरच वाढणाऱ्या मुलांत रक्त कमी होताना आम्ही नेहमी पाहतो. दिवसाला दोन कप दूध पुरे, तेही जेवणाच्या तोंडावर नको. पावडरच्या डब्यावर 'अॅडेड शुगर' म्हणून एक ओळ असते, १०० ग्रॅममध्ये किती ते बघा आणि चार पेल्यांचा हिशेब घाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शिकेत वरून घातलेली साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे चार-पाच चमचे. ३०० मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकमध्ये तीसेक ग्रॅम असते. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपून वर जातो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, तेव्हा खूप आया माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मॅडम, आम्ही तर तब्येतीसाठीच देत होतो." त्यांची चूक नव्हती. डब्यावर तसंच लिहिलेलं असायचं.

छोटीसाठी अजून एक. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जेवणाच्या जबाबदारीची एक वाटणी सांगितली आहे, मला ती फार उपयोगी पडली. काय, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचं. तुमच्या घरात सध्या बरोबर उलटं आहे: काय आणि केव्हा हे मुलं ठरवतात, किती हे मोठे. वाटणी सरळ करा. पानात मेथीची भाजी चमचाभर वाढा, खाल्ली नाही तर काही बोलू नका, चार दिवसांनी पुन्हा चमचाभर वाढा. नवी चव आवडायला मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते. आपण दुसऱ्या वेळीच 'हिला मेथी आवडत नाही' असा शिक्का मारून टाकतो. "भाजी संपव, मग चॉकलेट देते" हे तर म्हणूच नका. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस.

डब्याबद्दल थोडक्यात. मुलाला विचारा, डब्याच्या सुट्टीत खायला खरोखर किती मिनिटं मिळतात. दहा मिनिटं असतील तर दहा मिनिटांत संपेल असा डबा द्या, पोळीची गुंडाळी, छोटे पराठे, थालीपीठाचे चार तुकडे. सुकी भाजी आणि तीन घडीच्या पोळ्या हा मोठ्या माणसाचा डबा आहे. शाळेच्या फाटकाबाहेरच्या गाडीबद्दल तुम्ही लिहिलंय. जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. पालकसभेत चार जणांनी मिळून हा विषय काढा, एकट्याने काढला की तो तक्रारखोर ठरतो.

पोट भरलं, आता पाच वाजले. इथे तुमचा मुलगा क्लासला जातो. ताई, चौथीच्या मुलाला रोजचा क्लास लागत नाही असं माझं ठाम मत आहे. बंद करवत नसेल तर साडेसहाच्या पुढची बॅच घ्या. पाच ते साडेसहा हा उजेडाचा वेळ आहे आणि तो मैदानाचा आहे. थंडीत सव्वासहाला अंधार पडतो, तेव्हा तर या दीड तासाला पर्यायच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस धाप लागणारी, स्नायू-हाडांना ताकद देणारी. साठ मिनिटं एका दमात हवीत असं नाही. दमदार म्हणजे काय, हे ओळखायला घड्याळ-पट्टा लागत नाही. खेळताना मुलाला बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर ठीक. चार शब्द बोलून श्वास घ्यावा लागतो, तर धाप लागली.

या मापाने तुमचा क्लासचा प्रश्न सोडवा. पोहणं छान, जरूर शिकवा. नाशकात धरण, नदी, शेततळी आजूबाजूला आहेत, प्रत्येक मुलाला पोहता आलंच पाहिजे. पण पाणी शरीराचं वजन उचलून धरतं, त्यामुळे उड्या मारल्याने हाडांना जो भार मिळतो तो पोहण्यात मिळत नाही. क्रिकेटच्या शिबिरात तासभर उभं राहून बघा, तुमचा मुलगा प्रत्यक्ष किती मिनिटं पळतो आणि किती वेळ बॅटिंगची पाळी येण्याची वाट बघत रांगेत उभा राहतो. शिकवणाऱ्यांची खोड काढत नाही, तीस मुलं आणि दोन नेट असतील तर दुसरं काय होणार? मला विचाराल तर या वयात लंगडी, खो-खो, लगोरी, विषामृत, डोंगर का पाणी, दोरीवरच्या उड्या यांच्या तोडीचं काही नाही. लंगडीत एका पायावर सगळा भार येतो, तोल सांभाळावा लागतो, दिशा बदलावी लागते, श्वास लागतो, आणि साहित्य म्हणून खडूचा एक तुकडा. सोसायटीच्या पार्किंगमध्येही होते.

तुम्ही म्हणाल, खाली मुलंच नसतात. बरोबर आहे, प्रत्येक घरात हेच वाक्य ऐकू येतं आणि म्हणूनच कुणी खाली येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर 'मुलांना खेळायला पाठवा' असा मेसेज टाकून काही होत नाही. तीन घरं पकडा. त्या तीन आयांशी समोरासमोर बोला, आणि आठवड्यातले तीन दिवस ठरवा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सव्वापाच. पाच-सहा मुलं जमली की आवाज होतो, आवाज ऐकून बाकीची उतरतात. मुलांचे वडील पहिल्या पाळीच्या आठवड्यात चारला घरी असतात असं तुम्ही लिहिलंय. त्या आठवड्यात त्यांनी खाली उतरायचं, शिकवायला नाही, राज्य घ्यायला. बाबांवर राज्य आलं की सगळी बिल्डिंग खाली येते, हे मी दोनदा प्रत्यक्ष पाहिलं आहे.

छोटीलाही त्याच वेळी खाली पाठवा. 'ती अशक्त आहे, दमेल' म्हणून वर ठेवू नका. पळून आलेल्या पोरीला भूक लागते, कुठल्याही टॉनिकपेक्षा हा उपाय चांगला. आणि मुलींचं खेळणं अकरा-बारा वर्षांच्या आसपास एकदम थांबतं, ते आत्ताच लक्षात ठेवा. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या ४० टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलग्यांमध्ये १८ टक्के. ज्या वयात हाडं आणि रक्त सगळ्यात जास्त मागतात, त्याच वयात आपण तिला घरात बसवतो. आता लागलेली मैदानाची सवय तेव्हा तिच्या बाजूने उभी राहील.

व्याख्यानाला गेले की कुणीतरी सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतचं उदाहरण देतंच. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक आणलं, अभिमान वाटावा असंच ते आहे. पण त्याचा अर्थ 'पाड्यावरची मुलं बघा कशी काटक' असा लावू नये. त्याच डोंगराळ पट्ट्यात कुपोषणाने खुरटलेली मुलंही मी तपासली आहेत. तिथल्या मुलांकडे चालणं-चढणं आहे, पोटभर अन्न नाही. आपल्याकडे अन्न आहे, चालणं नाही. दोन्ही हवं.

रविवारचं सांगते. तुम्ही पाथर्डी फाट्याला राहता, पांडवलेणी तुमच्या दारात. मुलांना 'व्यायामाला चला' म्हणू नका, कुणीच येणार नाही. त्यांना काम द्या. दादाने पायऱ्या मोजायच्या, छोटीने किती वेळा थांबलो ते मोजायचं. वर चोवीस लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, कसा होता हे त्या आईने दगडात कोरून ठेवलंय. हे सांगितलं की मुलं पायऱ्या विसरतात. तीन-चार रविवारांनी तीच वाट कमी थांबे घेऊन होते, आणि आपण पूर्वीपेक्षा दमदार झालो हे त्याला वजनकाट्याशिवाय कळतं. पांडवलेणी सरावाची झाली की चांभारलेणी, मग रामशेज किल्ला. उतरल्यावर मिसळ खाल्लीत तरी माझी हरकत नाही. मटकी चांगलीच असते, तर्री आणि पाव बेताने घ्या, कोल्ड्रिंकऐवजी ताक मागवा. नाशिककराला मिसळ बंद करून कुठलाही आहार टिकत नाही.

पावसाळ्यात घरात दोरी आणि सूर्यनमस्कार. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी उशिरा.

मुलं साडेसहाला दमून आली, आंघोळ झाली, अभ्यास झाला, की पावणेआठ-आठला सगळ्यांचं जेवण. आता भूक असते, म्हणून भाजी इथे चालते. अर्धं पान भाजी-कोशिंबिरीचं, उरलेल्या अर्ध्यात भाकरी किंवा भात आणि घट्ट वरण किंवा उसळ. तूप चमचाभर वाढा. ताटाजवळ मोबाइल नाही, टीव्ही नाही, आणि हा नियम मुलांच्या बाबांनाही. पडद्याकडे बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. न खाणारं मूल मोबाइल दाखवला की खातं, ते खाणं त्याच्या भुकेचं नसतं. साडेनऊला दिवे बंद. सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, तुमच्या मुलाची आठ तासच होते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी गोड आणि तेलकट खाण्याची ओढ वाढते. साडेनऊला झोपलेला मुलगा साडेसहाला स्वतः उठतो आणि सकाळी काहीतरी खातो. रहाटगाडगं तिथे उलटं फिरायला लागतं.

एक गोष्ट मी चुकून चुकून शिकले, ती लिहिते. सुरुवातीची काही वर्षं मी छापील तक्ते देत असे, सकाळी हे, दुपारी ते, अमुक इतक्या कॅलरी. एका आईने माझा तक्ता फ्रीजवर चिकटवला होता. दहा वर्षांचा मुलगा, हुशार, शांत. तीन महिन्यांनी ते दोघं परत आले तेव्हा त्याचं वजन वाढलेलं. आईला त्याच्या दप्तरात, गादीखाली बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले होते. तो माझ्यासमोर खाली मान घालून बसला आणि म्हणाला, "मी जाड आहे म्हणून मला घरात जेवायला लाज वाटते." ती लाज त्याला मी दिली होती, माझ्या तक्त्याने. त्यानंतर मी मुलांसमोर वजन हा शब्द उच्चारत नाही. तुमच्या घरी त्याला लाडाने 'ढब्बू' म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. आजपासून ते थांबवा. पाहुण्यांनाही थांबवा, वाईट वाटलं तरी चालेल.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं ते सांगते. मुलाच्या मानेमागे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी दिसली, तो रात्री घोरतो आणि मध्येच श्वास अडकतो, गुडघा किंवा मांडी दुखून लंगडतो, सारखी तहान आणि लघवी लागते, किंवा वजन वाढतंय पण उंची अडली आहे, यातलं एकही असेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. मुलीचं वजन तिची नेहमीची रेषा सोडून खाली उतरू लागलं, ती फिकट दिसू लागली, पोट वारंवार बिघडू लागलं, तर तिलाही. शाळेत जंताची गोळी देतात ती दोघांनी घ्यावी, घरी राहिली तर चुकवू नका.

हे सगळं एकाच सोमवारी सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त साडेचारची थाळी, दुसरं काहीच नाही. फरसाणाचा डबा भरायचा नाही इतकंच, पण त्यावर भाषण नको. तिसऱ्या आठवड्यात छोटीचं दूध दोन कपांवर आणा आणि सव्वापाचचा खेळ सुरू करा. जेवणाची वेळ त्यानंतर आपसूक अलीकडे येते. झोप सगळ्यात शेवटी.

वजनकाटा बाथरूममध्ये असेल तर कपाटात ठेवून द्या. तीन महिन्यांनी दोघांची उंची घ्या. पाठ आणि टाच भिंतीला टेकवून, नजर सरळ, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. वजन त्याच दिवशी एकदाच बघा आणि तुमच्या वहीत लिहा, भिंतीवर नको. भिंतीवर फक्त उंची, दादाची आणि छोटीची, शेजारी शेजारी. मला कळवाल तेव्हा दोन्ही आकडे पाठवा, आणि पांडवलेणीला आता किती थांबे लागतात तेही.